बांबू बेटाचा की पळणारा? मराठवाड्यातल्या रोपवाटिकावाल्यांना खुले पत्र

मराठवाड्यातील समस्त रोपवाटिकाचालक बंधू-भगिनींना,

सप्रेम नमस्कार.

मृग तोंडावर आलाय. परभणीतून बाहेर पडणाऱ्या कुठल्याही रस्त्याला लागलं, वसमत रोड घ्या, जिंतूर रोड घ्या, नाहीतर गंगाखेड रोड, की तुमची हिरवी शेडनेटं दिसायला लागतात. पुढच्या दोन महिन्यांत तुमचा वर्षाचा धंदा व्हायचा असतो. म्हणूनच हे पत्र आत्ता लिहितोय. रोपं घरोघर गेल्यावर श्रावणात लिहून काही उपयोग नव्हता.

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला कालवा निरीक्षक. जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या चाऱ्या हिंडण्यात सगळी नोकरी गेली. भराव कुठं खचलाय, खेकड्यानं कुठं पोखरलंय, उद्या पाणी कुठून फुटणार, हे बघणं माझं काम. अशा माणसाच्या स्वतःच्या कंपाउंडाखालून एक गवत फुटलं आणि चार वर्षं त्याला पत्ता लागला नाही. गवत म्हणतोय ते रागानं नव्हे. बांबू गवताच्याच कुळातला. ज्वारी, ऊस, हराळी आणि बांबू ही सगळी भावकी.

२०१७ च्या पावसाळ्यात तुमच्यापैकीच एकाकडून मी सहा पिशव्या आणल्या. नाव घेणार नाही. माणूस चांगला आहे, अजूनही गेलो की चहा पाजल्याशिवाय सोडत नाही. मला पश्चिमेच्या भिंतीलगत आडोसा हवा होता. परभणीचं मेमधलं ऊन तुम्हाला काय सांगायचं? दुपारी तीननंतर त्या बाजूच्या खोलीत बसवत नव्हतं. मी विचारलं, "लवकर वाढणारं काय आहे?" ते म्हणाले, "गोल्डन बांबू न्या साहेब. कीड नाही, रोग नाही, तीन-चार वर्षांत भिंत दिसणार नाही." शब्द न् शब्द खरा निघाला. माझी भिंत दिसेनाशी झाली, आणि पाठोपाठ शेजाऱ्यांचीही.

पहिली दोन वर्षं रोपं नुसती बसून होती. मला वाटलं लागली नाहीत. तिसऱ्या वर्षी बोटाएवढ्या जाडीच्या काठ्या आल्या, चौथ्या वर्षी गर्द पडदा झाला. येणारा-जाणारा विचारायचा, कुठून आणला हो? मी अभिमानानं दुकानाचा पत्ता द्यायचो. किती जणांना दिला ते आठवलं की आता पोटात गोळा येतो.

२०२१ च्या आषाढात शेजारच्या वहिनींनी भिंतीवरून हाक मारली. "काका, जरा इकडं या बरं." आवाज नेहमीचा नव्हता. गेलो. त्यांच्या तुळशी वृंदावनाच्या चौथऱ्याला लागून, दोन फरशांच्या सांध्यातून एक कोंब वर आला होता. तपकिरी, गुळगुळीत, टोकाला सुईसारखा. बाजूची फरशी एका कडेनं बोटभर उचलली गेलेली. मी टेप आणून मोजलं. माझ्या सगळ्यात जवळच्या काठीपासून तिथवर अकरा फूट, आणि मधे नऊ इंची भिंत.

वहिनींच्या सासूबाई खाटेवर बसून बघत होत्या. म्हणाल्या, "कळक शिवेला लावावा. घरात कोण लावतं का?" मी गप्प बसलो. माझ्याकडं उत्तर नव्हतं.

मग खणायला लागलो. कालव्यावर चाळीस माणसांकडून खोदकाम करून घेणं निराळं आणि साठी उलटल्यावर स्वतः टिकाव मारणं निराळं, ते असो. भिंतीलगत उकरलं तर वीतभर खालीच सापडली ती. पिवळसर, करंगळीएवढी जाड, दर दोन बोटांवर पेर, पेराला मुळ्या आणि प्रत्येक पेरावर एक डोळा. दोरी टाकल्यासारखी सरळ आडवी गेलेली. आणि ती गेली कुठून? आमच्या न्हाणीचं सांडपाणी बाहेर नेणारा पाइप आहे, त्याच्या अंगाअंगानं. पाइप टाकताना खोदलेली नाली गवंड्यानं भुसभुशीत मुरूम टाकून बुजवली होती. कडेची काळी माती घट्ट, नालीतली मोकळी. वर पाइपाच्या सांध्याला बारीक गळती. पाइप भिंतीखालून जिथं पलीकडं गेला, तिथंच माझा बांबू पलीकडं गेला. त्यानं भिंत फोडली नाही, पाया उचलला नाही. तयार वाट मिळाली ती धरली. कालव्याचं पाणीही असंच करतं. धड भराव सोडतं आणि जुन्या पाइपाच्या कडेनं फुटतं. हे मला आधी सुचायला हवं होतं.

आता मुद्द्यावर येतो. तुम्हाला मी बांबू शिकवावा असं नाही, पण तुमच्या दुकानात उभं राहून गिऱ्हाईक जे विचारत नाही ते सांगतो.

बांबूचे दोन स्वभाव आहेत. एकाचा कंद आखूड, जाड, वर वळलेला असतो. वसमतकडची हळद उपटून बघा, जेठ्या गड्ड्याला चिकटून बगल गड्डा, तसा. नवा कंद जुन्याला धरूनच येतो, म्हणून त्याचं बेट होतं. आपले डोंगरातले मानवेल, कळक, कोकणातला माणगा, शेतात लावतात तो बाल्कोआ, हे सगळे बेटाचे. बेटही फुगतं, पण वर्षाला वीतभर, फार तर हातभर, आणि फुगताना दिसतं.

दुसऱ्याचा कंद म्हणजे आमच्या अंगणात सापडली ती दोरी. मातीखालून आडवी पळते, वाटेतल्या कुठल्याही डोळ्यातून कोंब वर काढते. बेट नाही, गठ्ठा नाही, वाटेल तिथं एक-एक काठी. शेतकऱ्याला हे एका शब्दात कळतं: हराळी. काळ्या रानातल्या कुंद्यानं ज्यांच्या वाडवडिलांना रडवलं त्यांना तर समजावायचीही गरज नाही. फरक इतकाच की ही हराळी पंधरा-वीस फूट उंच असते आणि पिशवीत घालून विकली जाते.

घोळ नावाचा आहे. 'गोल्डन बांबू' या एकाच नावानं निदान दोन झाडं विकली जातात. एक बांबुसा व्हल्गॅरिसचा पिवळा प्रकार. मनगटाएवढी पिवळीधमक काठी, तीवर हिरवे उभे पट्टे, जणू कुणी ब्रशनं ओढलेत. तो बेटाचा. मोठ्या आवारात शोभतो, छोट्या अंगणाला जड होतो, पण शेजाऱ्याकडं पळत नाही. दुसरा फायलोस्टॅकिस ऑरिया, मूळचा चीनचा. काठी बारीक, कोवळेपणी हिरवी, उन्हानं पिवळी पडते. तो पळणारा. मला पहिला हवा होता की दुसरा, हे मला कुणी विचारलं नाही, आणि असा काही फरक असतो हे मलाही माहीत नव्हतं. तुमच्या त्या बंधूंनाही नसावं. त्यांनी माल बाहेरच्या मोठ्या नर्सरीतून उचलला, चिठ्ठीवर 'गोल्डन' लिहिलेलं, तेच मला सांगितलं. (लकी बांबूचा तर बांबूशी संबंधच नाही, तो ड्रॅसिना आहे. पण तो काचेच्या बरणीत राहतो, कुणाची फरशी उचलत नाही, म्हणून त्याला माफ करू.)

ओळखायला शास्त्रज्ञ लागत नाही. काठीच्या पेरावर फांद्या बघा. फायलोस्टॅकिसला दर पेराला दोनच फांद्या, एक मोठी एक लहान, आणि फांद्यांच्या वरचा काठीचा भाग एका बाजूनं खोलगट चपटा. अंगठा फिरवला तर पन्हळ लागते. ऑरियाची आणखी एक खूण आहे. काठीच्या बुडाशी पेरं एकमेकांवर चढल्यासारखी गर्दीनं येतात. बेटाच्या बांबूला पेरातून फांद्यांचा झुबका फुटतो आणि काठी चहूबाजूंनी गोल असते. रोप लहान असेल तर पिशवी उचलून तळ बघा. भोकातून पिवळी पेरांची दोरी बाहेर डोकावत असेल, किंवा आत पिशवीच्या कडेनं वेटोळं घालून बसली असेल, तर गिऱ्हाइकाला सांगितल्याशिवाय ते रोप गाडीत चढवू नका.

विकूच नका असं मी म्हणत नाही. पळणारा बांबूही आवरता येतो. पण तो कसा आवरायचा हे सांगून विका. मी दोनदा फसून तिसऱ्यांदा शिकलो, ते इथं लिहून ठेवतो.

पहिल्यांदा शहाबादी फरशा गाडल्या. दोन फूट खोल चारी खणून फरशा उभ्या लावल्या, सांधे सिमेंटनं भरले. पावसाळा निघाला. उन्हाळ्यात आपल्या काळ्या मातीला कोपरापर्यंत हात जाईल अशा भेगा पडतात हे मी विसरलो नव्हतो, फक्त सोयीस्कर बाजूला ठेवलं होतं. माती आटली, पुन्हा फुगली, फरशा हलल्या आणि दोन सांधे उघडले. एका सांध्यातून दोरी बाहेर.

दुसऱ्यांदा एका मित्रानं शेततळ्याचा प्लॅस्टिकचा कागद आणून दिला. उरलेला तुकडा होता, पाचशे मायक्रॉनचा, म्हणजे अर्धा मिलीमीटर. पाणी धरायला उत्तम. पण त्या कोंबाचं टोक बघितलेल्या माणसानं तो वापरायला नको होता. तीन ठिकाणी भोकं.

तिसऱ्या वेळी घरातलंच कामी आलं. २०१६ चा उन्हाळा आठवतोय ना? लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तो. त्या वर्षी आम्ही टँकरचं पाणी साठवायला दोनशे लिटरचे निळे ड्रम घेतले होते. आता ते न्हाणीच्या मागं उन्हात पडून होते. तेही एचडीपीई या चिवट प्लॅस्टिकचेच, पण जाडी दोन मिलीमीटरच्या आसपास. बूड आणि तोंड कापून उभी चीर दिली की एका ड्रमचा सहा फूट लांब, अडीच फूट उंच पत्रा निघतो. आठ ड्रम कापले. एकावर एक फूटभर चढवून, दोन्हीकडून लोखंडी पट्टी लावून बोल्ट आवळले. चाळीस फुटांची सलग भिंत झाली. पत्रा चारीत उभा करताना वरची कड किंचित बाहेर कलती ठेवली, म्हणजे दोरी येऊन आदळली की खाली बुडी न मारता वर चढते. आणि दोन इंच कड जमिनीच्या वर ठेवली, कारण खाली वाट नाही मिळाली की ती वरून उडी मारते. मी पाहिलंय. न्हाणीचं पाणी दुसऱ्या बाजूला वळवलं. आधी हेच करायला हवं होतं.

पत्र्याच्या आतल्या अंगाला फूटभर रुंदीची, फूटभर खोल चारी मोकळी ठेवून तीत सोयाबीनची गुळी, म्हणजे भुसकट, भरली आहे. वर्षातून दोनदा, आषाढीला आणि कार्तिकीला, गुळी बाजूला सारायची, चारीत शिरलेल्या दोऱ्या कात्रीनं छाटायच्या, गुळी परत लोटायची. तासाभराचं काम. या दोऱ्या बहुतेक वरच्या फूटभर मातीतच असतात, म्हणून हे जमतं. ज्याच्याकडं जागा आहे, कमरेत जोर आहे आणि विसरभोळेपणा नाही, अशा माणसाला तर पत्राही लागत नाही, नुसती चारी पुरते. मी विसरभोळा आहे.

शेजाऱ्यांच्या अंगणात जे आधीच गेलं होतं त्याचं काय? दुकानदारानं तणनाशकाची बाटली पुढं केली. तिथं तुळस, तिथून सहा फुटांवर बोअर. मी बाटली घेतली नाही. मधली दोरी तोडून तिकडचा भाग माझ्या झाडांपासून सुटा केला, आणि दर चार-सहा दिवसांनी वहिनींच्या अंगणात जाऊन आलेला प्रत्येक कोंब जमिनीलगत कापला. अन्न पानात तयार होतं. पान उघडूच दिलं नाही तर खालचा कंद साठवलेलं खाऊन खाऊन खंगतो. दोन पावसाळे गेले. दुसऱ्या पावसाळ्यात शेवटी सुतळीसारखे बारीक कोंब आले आणि मग आलेच नाहीत. एवढ्या फेऱ्यांत माझा तिथं चहा ठरून गेला. सुरुवातीला चार महिने मात्र पाणीसुद्धा विचारलं नव्हतं, आणि त्यांचं काही चुकलं नाही.

कापलेल्या काठ्यांचा ढीग पेटवायला निघालो तर सासूबाईंनीच अडवलं. बांबू जाळला की वंश जळतो म्हणे. वंश म्हणजे कूळ आणि वंश म्हणजे वेळूही, त्या शब्दाच्या खेळातून आलेली ही समजूत असावी. मी वाद घातला नाही. काठ्या ओळखीच्या भाजीवाल्याला दिल्या, त्याच्या दोडक्याच्या मांडवाला गेल्या. तो आता दर वर्षी विचारतो, यंदा नाहीत का?

कॉलनीतल्या एका जाणत्यानं आणखी घाबरवलं. बांबू तोडायला वनखात्याचा परवाना लागतो, नाहीतर केस होते. लागायचा, पूर्वी. २०१७ साली १९२७ च्या भारतीय वन कायद्यातल्या 'झाड' या शब्दाच्या व्याख्येतून बांबू वगळला गेला, तेव्हापासून वनक्षेत्राबाहेरच्या बांबूला ती अट नाही. तुमच्या दुकानात हे एका ओळीत लिहून लावलं तरी खूप लोकांची झोप वाचेल. दुसऱ्या एकानं सांगितलं, फुलोरा येऊ द्या, बांबू आपोआप मरतो. बऱ्याच जातींत मरतो खरा. पण कित्येक जातींना फुलायला चाळीस-पन्नास वर्षं लागतात. मिझोरामचा प्रसिद्ध मौताम, म्हणजे तिथल्या बांबूचा एकदम येणारा फुलोरा, अठ्ठेचाळीस वर्षांनी येतो. माझं वय बघून सल्ला द्यायला हवा होता.

आता मला खरा सल ज्याचा आहे ते. आमच्या गल्लीत माझा प्रकार झाल्यावर लोकांनी सगळाच बांबू उपटायला काढला. एका घरी मागच्या कोपऱ्यात मानवेलीचं बेट होतं. पंचवीस वर्षांचं, कुणाला कसला त्रास नाही, दर दिवाळीनंतर चार काठ्या निघायच्या, आकाशकंदिलाला, वाळवणाच्या मांडवाला. जेसीबी आणून काढलं. मी सांगायला गेलो, हा पळणारा नाही हो, बेटाचा आहे. घरमालक म्हणाले, "तुमचा पण बांबूच होता ना?" यावर काय बोलणार?

आणि हे अशा वेळी, जेव्हा लातूरकडून शेतकरी नेते पाशा पटेल वर्षानुवर्षं शेतकऱ्यांना बांबू लावा म्हणून सांगतायत, सरकार अनुदान देतंय, आपल्या कोरडवाहू रानात चार पैशांची सोय होतेय. शेतात जातोय तो बहुतेक सगळा बेटाचा बांबू. अंगणातल्या चिनी पाहुण्याच्या करणीनं त्याचं नाव खराब व्हायला नको. हे नाव राखणं तुमच्या हातात आहे. कृषी अधिकाऱ्याकडं माणूस वर्षातून एकदा जातो, तुमच्याकडं प्रत्येक पावसात येतो.

केशर आंब्याचं कलम घ्यायला गेलो तर तुम्ही सांगता खुंट कुठला, डोळा कुठल्या झाडाचा, किती वर्षांनी फळ. फळझाडांच्या रोपवाटिकांना आपल्या राज्यात १९६९ पासून कायदाही आहे. शोभेच्या झाडाला तशी सक्ती नाही, म्हणून बांबूच्या पिशवीवर फक्त किंमत असते. कायदा येईपर्यंत थांबू नका. पिशवीवर मार्करनं एक शब्द लिहा: 'बेट' किंवा 'पळतो'. माहीत नसेल तर 'माहीत नाही' लिहा, तेही चालेल, गिऱ्हाईक सावध होईल. पळणारा विकताना सोबत जाड प्लॅस्टिकचा पत्राही विका. तुमचाच धंदा वाढेल, मला त्यात कमिशन नको. आणि ज्याला फक्त आडोसा हवाय, त्याला आधी बांबुसा मल्टिप्लेक्स दाखवा. कुंपणासाठी तोच चांगला, बारीक, दाट आणि बेटाचा. मात्र तोही विकताना सांगा की दर हिवाळ्यात तीन वर्षांवरच्या काठ्या जमिनीलगत पेराच्या वरून काढायच्या, पावसाळ्यात विळा लावायचा नाही. बेट तुंबलं की मधल्या काठ्या वाळतात आणि मग लोक म्हणतात, बांबू खराब.

काटेरी कळक मात्र घरासाठी कुणालाच देऊ नका, बेटाचा असला तरी. गिऱ्हाइकानं हट्ट धरला तर माझ्याकडं पाठवा.

एक वस्तू तुमच्यासाठी ठेवली आहे. वहिनींच्या अंगणातून निघालेली अकरा फुटांची ती दोरी मी फेकली नाही. वेटोळं करून पत्र्याच्या शेडमध्ये खिळ्याला टांगली आहे, खडखडीत वाळलीय. तुमच्यापैकी ज्याला हवी असेल त्याला हातभर तुकडा कापून देईन, सोबत हळदीचा एक गड्डा. दोन्ही गल्ल्याशेजारी ठेवा. बांबू मागायला आलेल्याला दाखवायचं आणि विचारायचं, यातला कुठला नेताय?

तीन वर्षं झाली वाळून. तरी तुकडा मातीत टेकवू नका.

आपला,
एक निवृत्त कालवा निरीक्षक
परभणी